रेगेन्सबुर्गचे पाचवे कलम

२ मे १५४१ रोजी डॅन्यूबकाठच्या रेगेन्सबुर्ग शहरात सहा विद्वानांचे एका मजकुरावर एकमत झाले. तिघे पोपच्या बाजूचे होते, तिघे मार्टिन लूथरच्या. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने की कर्मांनी, हा वादाचा विषय होता. याच वादापायी गेली चोवीस वर्षे ग्रंथ जळत होते, मठ ओस पडत होते, भावाभावांत वैर उभे राहत होते. आणि आता त्यावरचे कलम दोन्ही बाजूंना मान्य झाले होते. तीन आठवड्यांत बोलणी संपली, वर्ष-सव्वा वर्षात ते कलम जुळवून आणणारा माणूस वारला, आणि सहा वर्षांच्या आत त्या मजकुरामागचा विचार रोमने अधिकृतपणे बाजूला सारला.

कॅथलिक लोक सत्कर्मांवर तारण मागतात, प्रोटेस्टंट लोक विश्वासावर, आणि म्हणून चर्च दुभंगले, असे आपल्याकडे सरसकट सांगितले जाते. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचे मुख्य कारण रेगेन्सबुर्गचे ते पाचवे कलम आहे. तारणाच्या प्रश्नावर माणसे एकमेकांच्या इतकी जवळ आली होती की उरलेले अंतर चालून जाता आले असते. ते का चालले गेले नाही, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

बोलणी घडवून आणली ती सम्राट पाचव्या चार्ल्सने. त्याची निकड धर्माइतकीच राज्याची होती. पूर्वेकडून सुलेमानचे तुर्क हंगेरीत शिरत होते. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस बुडा शहर त्यांच्या हाती गेले. पश्चिमेला फ्रान्सचा राजा फ्रान्सिस टपून होता. जर्मन संस्थानिकांतले बरेच लूथरपंथी झालेले, आणि तुर्कांविरुद्ध पैसा व सैन्य द्यायचे तर आधी आमच्या धर्माला अभय द्या, ही त्यांची अट. पोपने धर्मपरिषद भरवावी म्हणून चार्ल्सने अनेक वर्षे वाट पाहिली होती. शेवटी त्याने आपल्याच दरबारात विद्वानांना समोरासमोर बसवायचे ठरवले.

कामाचा पाया गुप्तपणे घातला गेला. १५४०च्या डिसेंबरात वर्म्स शहरात कलोनचे धर्मपंडित योहान ग्रोपर आणि स्ट्रासबुर्गचे सुधारक मार्टिन बुत्सर यांनी मोजक्या माणसांसह बसून तेवीस कलमांचा मसुदा केला. तोच पुढे ‘रेगेन्सबुर्गचे पुस्तक’ म्हणून ओळखला गेला. लेखकांची नावे उघड केली गेली नाहीत, कारण नाव कळले की वाचण्याआधीच अर्धे लोक मसुदा नाकारतील, हे सगळ्यांना ठाऊक होते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बोलणी सुरू झाली. कॅथलिक बाजूला ग्रोपर, युलिउस प्फ्लुग आणि योहान एक. प्रोटेस्टंट बाजूला बुत्सर, हेसचे योहानेस पिस्टोरियस आणि लूथरचे उजवे हात फिलिप मेलांख्थॉन. योहान एक हे जुने मल्ल. १५१९ साली लाइप्झिगच्या वादसभेत त्यांनीच लूथरला कोंडीत पकडून धर्मपरिषदाही चुकू शकतात असे त्याच्या तोंडून वदवून घेतले होते. सुधारक जॉन कॅल्व्हिनही तेव्हा शहरात होते. वय एकतीस, जिनेव्हातून हद्दपार, स्ट्रासबुर्गच्या वतीने आलेले. त्यांना मेजावर जागा नव्हती, पण मेजावर काय घडते यावर त्यांचे बारीक लक्ष होते.

आणि पोपचे प्रतिनिधी म्हणून आले होते कार्डिनल गास्पारो कोंतारिनी.

या माणसापाशी थोडे थांबायला हवे. व्हेनिसच्या सरदार घराण्यात १४८३च्या ऑक्टोबरात कोंतारिनींचा जन्म झाला. लूथरचा त्याच वर्षी नोव्हेंबरात. कोंतारिनी विशीत असताना त्यांचे जिवलग मित्र पाओलो जुस्तिनियानी सगळे सोडून कामाल्दोलीच्या डोंगरात संन्यासी झाले. कोंतारिनींना ते जमेना. मागे राहिल्याची खंत, आणि त्याहून खोल एक भीती त्यांना खात होती: इतका त्याग करूनही जुस्तिनियानींना आपली तपश्चर्या पुरी पडेल की नाही याची खात्री वाटत नाही, तर संसारात राहणाऱ्या माझे काय? १५११ साली पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, ते कुमसार, म्हणजे पापनिवेदन, करायला गेले. तिथे एका साधूशी बराच वेळ बोलणे झाले आणि परतताना त्यांना जे उमगले ते त्यांनी मित्राला पत्रात कळवले. आयुष्यभर प्रायश्चित्त केले तरी आपल्या पापांची भरपाई आपल्याने होणार नाही. ख्रिस्ताच्या दुःखसहनाने ती आधीच झाली आहे, आणि ती सगळ्यांची झाली आहे. आपण विश्वासाने, आशेने आणि जमेल तेवढ्या प्रेमाने त्याच्याशी जोडून घ्यायचे. म्हणून आपण निश्चिंत झोपू शकतो, अशा अर्थाचे ते पत्र आहे. ही पत्रे चारशेहून अधिक वर्षे संन्याशांच्या दप्तरात पडून होती. विसाव्या शतकात इतिहासकार ह्युबर्ट येडिन यांना ती सापडली, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. लूथरचा मठातला झगडा हाच होता. तो तासन्‌तास पापनिवेदन करी, उठून बाहेर पडे आणि राहिलेले पाप आठवून परत येई. शेवटी पौलाच्या रोमकरांस पत्रात त्याला वाट सापडली. दोघांना एकच भीती लागली आणि दोघांना जवळपास एकच उत्तर मिळाले. एक चर्चबाहेर फेकला गेला. दुसरा कार्डिनल झाला, तोही १५३५ साली, धर्मगुरुपदाची दीक्षा घेतलेली नसताना. १५२१ साली वर्म्सच्या सभेच्या वेळी कोंतारिनी व्हेनिसचे वकील म्हणून तिथे होते, पण लूथरची आणि त्यांची भेट झाली नाही.

वाद नेमका कशाचा होता? कॅथलिक शिकवणीतही तारणाची सुरुवात देवाच्या कृपेनेच होते. माणूस स्वतःच्या बळावर पहिले पाऊल टाकतो असे चर्चने कधीच मानले नाही. बाप्तिस्म्यात कृपा आत्म्यात ओतली जाते, आत्मा आतून बदलतो, खरोखर नीतिमान होतो; त्या कृपेच्या बळावर केलेली कृत्ये देवापुढे पुण्याची ठरतात आणि माणूस कृपेत वाढत जातो. लूथरचे म्हणणे असे की ज्या नीतिमत्त्वावर देवापुढे उभे राहायचे ते माझ्या आत नाहीच, ते ख्रिस्ताचे आहे. देव ते माझ्या नावे धरतो आणि मी ते विश्वासाने घेतो. सत्कृत्ये मागाहून येतात, आलीच पाहिजेत, पण माझे उभे राहणे त्यांच्या आधाराने नाही.

दोन्ही बाजूंना एकेका माणसाची काळजी होती. लूथरपुढे होता भेदरलेला माणूस: पुरेसे केले का, पुन्हा चुकलो का, देव रागावला असेल का, या विचारांत कधीच विसावा न मिळालेला. कॅथलिक धर्मगुरूंपुढे होता निर्ढावलेला माणूस: विश्वास आहे ना, मग झाले, असे म्हणून शेजाऱ्याला नाडणारा. ही दुसरी काळजी नुसती कल्पना नव्हती आणि लूथरपंथीयांनाही ती चुकली नाही. १५२७-२८च्या सुमारास त्यांनी सॅक्सनीतल्या खेडोपाडीच्या चर्चची पाहणी केली तेव्हा लोकांनी स्वातंत्र्य तेवढे उचललेले आणि शिकवण बाजूला राहिलेली दिसली. मेलांख्थॉननी लगेच प्रवचनकारांना बजावले की पश्चात्ताप शिकवल्याशिवाय विश्वास शिकवू नका. लूथरची प्रसिद्ध प्रश्नोत्तरी १५२९ची, याच पाहणीतून आलेली.

रेगेन्सबुर्गला पहिली चार कलमे, मनुष्याचा मूळ स्वभाव, इच्छास्वातंत्र्य, पापाचे मूळ आणि आदिपाप, भराभर उरकली. पाचव्यावर गाडे अडले. पुस्तकातला मसुदा लांबलचक आणि धूसर होता. योहान एक आणि मेलांख्थॉन यांचे एका गोष्टीवर एकमत झाले की तो नको. नवे मसुदे पुढे आले, परत गेले, खोडले गेले. कोंतारिनी खोलीत नसत, पण रोज सकाळी कॅथलिक विद्वान त्यांना भेटून जात. त्यांचा स्वभाव मृदू होता आणि समोरच्याच्या बोलण्यातले खरे ते आधी उचलायचे, ही त्यांची सवय होती.

तयार झालेल्या मजकुराचा गाभा असा. पापी माणूस जिवंत आणि कार्यशील विश्वासाने नीतिमान ठरतो, म्हणजे प्रेमाच्या रूपाने काम करणाऱ्या विश्वासाने. पवित्र आत्मा त्याला आतूनही नवे करतो, त्याच्या ठायी नीतिमत्त्व रुजवतो. पण विश्वास ठेवणारा जीव या आतल्या नीतिमत्त्वावर विसंबत नाही. तो विसंबतो ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर, जे त्याला दान म्हणून मिळाले आहे. सत्कृत्यांना देव फळ देतो, पण ती आमची आहेत म्हणून देत नाही; ती विश्वासातून आणि आत्म्याच्या बळाने झालेली असतात म्हणून देतो. आणि ‘केवळ विश्वासाने’ असे जे शिकवतात त्यांनी त्याच वेळी पश्चात्ताप, देवाचे भय, न्याय आणि सत्कृत्ये हेही शिकवावे.

हे दोन बाजूंचे तुकडे जोडून केलेले गाठोडे आहे, असे लूथर विटेनबर्गहून म्हणाला. त्याला भीती होती की ‘प्रेमाने काम करणारा विश्वास’ या शब्दांच्या आडून विरोधक कर्मांना पुन्हा आत आणतील. त्याचे दुखणे मला समजते. पण कॅल्व्हिनसारखा काटेकोर माणूस त्याच दिवसांत मित्र फारेलला लिहितो की विरोधकांनी इतके मान्य केले याचे तुला नवल वाटेल. मजकूर आणखी स्पष्ट हवा होता, तरी आपल्या शिकवणीचा गाभा त्यात टिकला आहे. इंग्रज कार्डिनल रेजिनल्ड पोल यांना इटलीत बातमी कळली तेव्हा त्यांनी कोंतारिनींना आनंदाने पत्र लिहिले. योहान एक मात्र नाखूश होते. ग्रानव्हेल या सम्राटाच्या मंत्र्याच्या आणि कोंतारिनींच्या आग्रहाखातर त्यांनी होकार दिला आणि पुढे तो मनातून काढून टाकला.

मग चर्चच्या अधिकाराचे कलम आले. धर्मपरिषद चुकू शकते का, शास्त्राचा अर्थ शेवटी कोण लावणार? ते बाजूला ठेवून पुढे गेले तर प्रभुभोजनाचे कलम आले आणि तिथे सगळे थांबले. भाकर आणि द्राक्षारस यांचे तत्त्वच पालटून ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होते, हा सिद्धांत १२१५च्या लॅटरन परिषदेने मांडलेला. मूळ पुस्तकात या तत्त्वपालटासाठीचा शब्द नव्हता. कोंतारिनींनी तो घालायला लावला. मृदू माणूस इथे खडकासारखा उभा राहिला, कारण एका सर्वमान्य परिषदेचा निर्णय सोडणे म्हणजे चर्चच सोडणे, असे तो मानत होता. समोर मेलांख्थॉनही तितकेच ठाम. दहा मेच्या सुमारास योहान एक तापाने आजारी पडले. पापनिवेदन, संतांची मध्यस्थी, पोपचा अधिकार, प्रत्येक कलमावर आता दोन-दोन वेगळे कागद निघू लागले. २२ मे रोजी बोलणी संपली.

रोममध्ये मेच्या अखेरीस कार्डिनलांच्या सभेत पाचवे कलम वाचले गेले. ते दोन्हींकडे वळवता येण्याजोगे आहे, असा सूर निघाला. त्याला मान्यता देऊ नका, असे कोंतारिनींना कळवण्यात आले. कोंतारिनींनी २५ मे रोजीच एक दीर्घ पत्र लिहून त्या कलमाची बाजू मांडली होती. जर्मनीत प्रोटेस्टंट संस्थानिकांनीही ते उचलून धरले नाही. सम्राट आपल्याला फसवून कॅथलिक करू पाहतो, असा संशय त्यांच्यात होता. कॅथलिक बव्हेरियातही संशय होताच. दोन्हींकडच्या कट्टरांना समोरच्याची सहमती धोक्याची वाटली. माझ्या मते घाव इथे बसला. पाचव्या कलमात काय लिहिले आहे, याचा विचार फार थोड्यांनी केला. ते कोणी लिहिले आणि का लिहिले, याचा सगळ्यांनी केला.

पुढल्या वर्षी जुलैत रोममध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड तपासणारे धर्मन्यायालय, नव्याने उभे राहिले. त्याचे सूत्रधार कार्डिनल जान पिएत्रो काराफा हे कोंतारिनींच्या वळणाचे कडवे विरोधक. २४ ऑगस्ट १५४२ रोजी बोलोन्यात कोंतारिनी वारले. त्यांना शेवटच्या दिवसांत भेटून गेलेल्यांत कापुचिन संघाचे प्रमुख, नामांकित प्रवचनकार बेर्नार्दिनो ओकिनो होते. तिथून ते रोमला गेले नाहीत, आल्प्स ओलांडून जिनेव्हाला पळाले. काराफा पुढे चौथे पॉल या नावाने पोप झाले तेव्हा रेगेन्सबुर्गच्या बोलण्यांत कोंतारिनींच्या सोबत असलेले कार्डिनल मोरोने यांना १५५७ साली तुरुंगात टाकण्यात आले.

शेवटी १५४५च्या डिसेंबरात आल्प्सच्या पायथ्याच्या त्रेंतो गावी धर्मपरिषद भरली. प्रोटेस्टंट तिथे नव्हते. १५४६च्या जूनपासून नीतिमान ठरवले जाण्याच्या प्रश्नावर चर्चा सुरू झाली ती सात महिने चालली. त्याच उन्हाळ्यात सम्राटाने प्रोटेस्टंट संस्थानिकांशी युद्ध पुकारले. सैन्याच्या वाटेवर बसून बिशप कृपेवर बोलत होते. आतले वातावरणही तापलेले होते. १७ जुलैला ला काव्हाचे बिशप सानफेलिचे यांचे बोलणे लूथरच्या जवळ जाणारे आहे, असे वाटून ग्रीक बेटांवरच्या धर्मप्रांताचे बिशप झानेत्तिनी त्यांना मूर्ख किंवा लबाड म्हणाले. सानफेलिचेंनी वळून त्यांची दाढी धरली आणि उपटली. परिषदेने त्यांना बाहेर काढले. तारणाचा प्रश्न या माणसांना किती लागला होता, ते यात दिसते.

कोंतारिनींचा विचार तिथे मांडला तो ऑगस्टिनियन संघाचे प्रमुख जिरोलामो सेरिपांदो यांनी. लूथर ज्या संघातून बाहेर पडला तोच हा संघ. सेरिपांदोंचे म्हणणे एका कुमसार ऐकणाऱ्या धर्मगुरूचे होते: मरणाच्या दारात उभ्या माणसाने आपल्या आतल्या नीतिमत्त्वाकडे पाहायचे, की ख्रिस्ताच्या दयेकडे? त्यांच्या विरोधात २६ ऑक्टोबरला जेझुइट दिएगो लाइनेझ यांनी दीर्घ भाषण केले. ख्रिस्ताने दिलेले नीतिमत्त्व खरोखर आपले झाले असेल, तर त्याला दुसऱ्या नीतिमत्त्वाचा टेकू लागतोच कशाला, असा त्यांचा मुद्दा. आतले आणि ख्रिस्ताचे अशा दुहेरी नीतिमत्त्वाचा विचार मागे पडला.

१३ जानेवारी १५४७चा निर्णय सोळा प्रकरणांचा आणि तेहतीस शापवचनांचा आहे. लोक शापवचने आठवतात आणि प्रकरणे विसरतात. आठव्या प्रकरणात विश्वास हा तारणाचा आरंभ, पाया आणि मूळ आहे असे म्हटले आहे, आणि नीतिमान ठरण्यापूर्वीचे काहीही, विश्वास असो वा कर्म, त्या कृपेची कमाई करत नाही असेही. मग विरोध कशाला? विश्वासापलीकडे माणसाच्या सहकार्याची काहीच गरज नाही, असे म्हणण्याला. नीतिमत्त्व फक्त नावे धरले जाते, आत काहीच बदलत नाही, असे म्हणण्याला. आणि अखेरपर्यंत टिकून राहण्याची मला आजच पक्की खात्री आहे, अशी ग्वाही विशेष प्रकटीकरणाशिवाय देण्याला. एकदा मिळालेली कृपा गमावता येत नाही, हे मतही तिथे धिक्कारले गेले. पंधरावे प्रकरण सांगते की प्रत्येक घोर पापाने कृपा जाते. विश्वास मात्र उरू शकतो. आणि चौदावे सांगते की जहाज फुटलेल्याला दुसरी फळी मिळावी तसा पश्चात्तापाचा संस्कार त्याच्यासाठी आहे.

इथे प्रोटेस्टंट सगळे एका बाजूला उभे आहेत, असे समजणे चूक ठरेल. दाविदाचे उदाहरण घ्या. बायबलमधला हा राजा देवाचा लाडका. त्याने उरियाची बायको बथशेबा हिच्याशी व्यभिचार केला आणि उरियाला लढाईत मारवले. नाथान संदेष्टा येऊन त्याला जागे करीपर्यंत, त्या मधल्या काळात दावीद तारलेला होता का? त्रेंतोच्या शिकवणीप्रमाणे कृपा गेली होती, विश्वास असू शकत होता. लूथरने १५३७च्या श्मालकाल्ड कलमांत दाविदाचेच नाव घेऊन लिहिले की अशा वेळी विश्वास आणि पवित्र आत्मा दोन्ही निघून जातात. म्हणजे तारण गमावता येते, यावर लूथर आणि रोम यांचे दुमत नव्हते. १५३०च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात तर एकदा नीतिमान ठरलेला पवित्र आत्मा गमावू शकत नाही, असे म्हणणाऱ्या ॲनाबॅप्टिस्टांचा स्पष्ट निषेध आहे. कॅल्व्हिनच्या वाटेने गेलेल्यांनी तिसरे उत्तर दिले. हॉलंडमध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० साली खरा विश्वासी गळून पडू शकतो का, हा प्रश्न उघडा ठेवला, तेव्हा १६१८-१९च्या डॉर्टच्या सभेने तो मिटवला. दावीद आणि पेत्र यांचे पडणे त्या ठरावातही आहे: ते भयंकर पडले, विवेक जखमी झाला, कृपेची जाणीव काही काळ हरपली, पण देवाने आपला आत्मा त्यांच्यापासून पुरता काढून घेतला नाही आणि त्यांना परत आणले. सुमारे दोनशे आर्मिनियन पाळकांची पदे गेली, आणि त्यांचे राजकीय पाठीराखे योहान फान ओल्डेनबार्नेफेल्ट यांचे मस्तक मे १६१९मध्ये हेगला उडवले गेले. पुढे २४ मे १७३८ रोजी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत लूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना ऐकताना मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याचे हृदय पालटले. पण तारणाची खात्री मिळालेला हाच वेस्ली विश्वासी माणूस कृपेतून पडू शकतो, असे आयुष्यभर शिकवत राहिला. एकाच बाजूच्या म्हणवणाऱ्या घरांत उत्तरे अशी वेगळी.

हा वाद आपल्या किनाऱ्याला लागला तो याच वर्षांत. रेगेन्सबुर्गची साम्राज्यसभा ५ एप्रिल १५४१ला उघडली आणि दोनच दिवसांनी, ७ एप्रिलला, फ्रान्सिस झेवियर लिस्बनहून गोव्याकडे निघाले. पोहोचले ६ मे १५४२ रोजी. त्यांचे पॅरिसमधले खोलीसोबती पिएर फाव्र त्याच वसंतात रेगेन्सबुर्गला होते आणि दरबारातल्या मंडळींना आध्यात्मिक साधना देत होते. त्रेंतोत सेरिपांदोंना हरवणारे लाइनेझही त्याच पहिल्या मंडळीतले. आणि या जेझुइट संघाच्या स्थापनेचा मसुदा पोपपुढे ठेवून त्याला तोंडी मंजुरी मिळवून दिली होती कोंतारिनींनी. गोव्यात, साष्टीत, वसईत जो कॅथलिक धर्म रुजला तो त्रेंतोचा होता. १६१६ साली मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडात, प्रोटेस्टंट राजवटीत वाढलेले होते. आपला कॅथलिक धर्म घेऊन ते या देशात आले होते. प्रोटेस्टंट मिशनरी मराठी मुलखात आले ते १८१३ साली, मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या रूपाने. ते कॅल्व्हिनच्या वळणाचे. मेथडिस्ट १८७०नंतर आले, वेस्लीचे मत घेऊन. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. दाविदाच्या त्या काळाविषयी त्याच्या मंडळ्यांच्या पूर्वजांची मते एक नव्हती, आणि तरी त्या मंडळ्या एका छताखाली आल्या.

रोम आणि लूथरपंथीय पुन्हा मेजावर बसले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. तीस वर्षांच्या चर्चेतून एक संयुक्त जाहीरनामा तयार झाला. १९९८च्या आरंभी दीडशेहून अधिक जर्मन प्रोटेस्टंट प्राध्यापकांनी त्याला विरोध केला. जूनमध्ये व्हॅटिकनने आक्षेप नोंदवले. नीतिमान ठरलेला माणूस एकाच वेळी पापीही असतो, हे लूथरचे म्हणणे रोमला अजून जड जात होते. सगळे पुन्हा मोडते की काय अशी वेळ आली. त्या नोव्हेंबरात कार्डिनल योझेफ रात्झिंगर, पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, आणि लूथरन बिशप योहानेस हान्सेलमान मोजक्या माणसांसह रात्झिंगर यांच्या बंधूंच्या घरी भेटले. ते घर रेगेन्सबुर्गला आहे. तिथून एक पुरवणी निघाली आणि तिच्यात, दोन्ही चर्चच्या संमतीने, माणूस केवळ कृपेने आणि केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो असे लिहिले गेले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग शहरात सह्या झाल्या. जाहीरनाम्यात मांडलेल्या शिकवणीला सोळाव्या शतकातली परस्परांची शापवचने लागू होत नाहीत, असे दोघांनी म्हटले. मेथडिस्ट २००६ साली त्यात सामील झाले, आणि २०१७च्या जुलैत विटेनबर्गमध्ये रिफॉर्म्ड चर्चची जागतिक संघटना, म्हणजे डॉर्टचे वारसही.

माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपल्या चर्चमधून ती पुरेशी सांगितली जात नाही. कुमसार करायला जाणाऱ्या वसईच्या आजीला आणि रविवारी नगरच्या चर्चमध्ये प्रवचन ऐकणाऱ्या आजोबांना अजूनही असेच वाटते की समोरचे लोक तारणाविषयी काही वेगळेच मानतात. हा गैरसमज दूर करणारा कागद आहे आणि दोन्हींकडच्या वरिष्ठांनी त्यावर सही केली आहे.

भाकरीचे कलम मात्र अजून जागचे हललेले नाही. कॅथलिक नवरा आणि प्रोटेस्टंट बायको एका चर्चमध्ये एकत्र गेली तरी सर्वसाधारण नियमाप्रमाणे एका वेदीवरून प्रसाद घेऊ शकत नाहीत. कॅथलिक कायदा अपवाद ठेवतो ते थोडे आणि अटी घालून. कोंतारिनींना याचे नवल वाटले नसते, असे मला वाटते. पाचव्या कलमावर एवढे पुढे आलेले तेच कार्डिनल या कलमावर स्वतः एक पाऊलही मागे सरले नव्हते, आणि का सरले नाहीत, हे त्यांनी रोमला व सम्राटाला दोघांनाही स्पष्ट सांगितले होते.